रेडिओची भुवई

ताईचं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड होतं. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, कुणाचं बोट चुकलं तर त्याला मागे कसं आणावं, हे सगळं आधी कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ठरवणाऱ्यांपैकी ती एक. धाकट्या भावाने एकदा हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हणजे बटणं लावतेस. शिंपीणच की तू!"

भाऊ केस कापायचा. बाजारामागच्या गल्लीत दोन खुर्च्यांचं दुकान, एक खुर्ची त्याची आणि एक जोडीदाराची. त्याचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं. सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. सकाळी शटर वर गेलं की हा सुरू, ते खाली येईपर्यंत बंद होणं नाही. कुणाच्या सासूची नक्कल, कुणाच्या टकलावर विनोद, कुणाला न मागता सल्ला. केस कापून झाले की तो गिऱ्हाइकाची मान आरशाकडे वळवायचा आणि स्वतः गप्प राहून फक्त उजवी भुवई वर करायचा. जमलं का, आवडलं का, अजून थोडे कापू का, सगळे प्रश्न त्या एका भुवईत असायचे. दिवसभरात तो गप्प असायचा तो तेवढाच.

आई-वडील गेल्यावर ताईला माहेर उरलं होतं ते भावाचं घर. तिने लग्न केलं नव्हतं. रविवार तिथे जायचा. भावजय तिला जुन्या बायकांसारखं "वन्सं" म्हणायची, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. भाची शाळेत जाणारी, बापावर गेलेली, तोंडाळ.

पहिल्यांदा हातातून कात्री पडली तेव्हा रेडिओ हसला. "कात्री पडू दे, जीभ पडली तर सांग," म्हणाला. मग कंगवा पडायला लागला. मग एक दिवस एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची दाढी करताना वस्तरा आपोआप वाकडा गेला आणि कानाखाली रक्ताची रेघ उमटली. म्हाताऱ्याने काही मनावर घेतलं नाही. रेडिओने मात्र वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि जोडीदाराच्या हातात दिला. "जो हात माझं ऐकत नाही, तो दुसऱ्याच्या गळ्याशी न्यायचा नाही," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो दुकानात यायचा, पण बाकावर बसायला.

तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं, की हा मज्जातंतूंचा आजार आहे, स्नायू एकेक करून सुटत जातील, यावर औषध नाही. "बुद्धीला मात्र काही होणार नाही," असं ते शेवटी म्हणाले, दिलासा दिल्यासारखं. परतताना गाडीत रेडिओच म्हणाला, "म्हणजे घर पडत असताना आत जागं राहायचं." वहिनीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

हात गेले, पाय गेले. वर्ष सरता सरता जीभ जड झाली. आधी तो बोबडं बोलायचा आणि लोक अंदाजाने "हो, हो" करायचे. ती "हो, हो" त्याला सगळ्यात जास्त लागायची. दुकानात लोक याच्या तोंडाकडे डोळे लावून बसायचे, आणि आता घरात तोंडाशी कान नेऊनही कुणाला कळेना. शेवटी घशातून नुसता आवाज उरला, आणि मग त्याने तोही काढायचं सोडलं. चेहरा तेवढा शाबूत होता, आणि त्यात उजवी भुवई अजून धडधाकट होती.

ताईने ऑफिसात रजा टाकली आणि कामाला बसली. पलंगाला लोखंडी दांडी लावून तिच्यावर पडदा बसवला, पडद्यावर कॅमेरा. पडद्यावर चौकोन आखलेले. एक पिवळा उजेड एकेका चौकोनावरून सरकत जाणार, हव्या त्या चौकोनावर आला की रेडिओने भुवई उचलायची, आणि पडदा तो शब्द मोठ्याने बोलणार. तिने नर्सना विचारलं, पुस्तकं वाचली, वहिनीला विचारलं, आणि सहा मोठी चित्रं काढली. पाणी. भूक. दुखतंय. लघवी. पंखा. झोप. रंग डोळ्याला न टोचणारे, अक्षरं ठसठशीत. आपल्या कामावर ती खूश होती.

रेडिओने ती चित्रं बराच वेळ पाहिली. कोपऱ्यात तिने अक्षरांचं पानही ठेवलं होतं, लागलंच तर असावं म्हणून. तो तिथे गेला. उजेड एकेका अक्षरावरून सरकतोय, भुवई उचलली जातेय, चुकतेय, परत फिरतेय. वहिनीचा स्वयंपाक झाला, भाचीचा अभ्यास झाला, तेव्हा कुठे वाक्य पुरं झालं. पडद्यातला परका, घोटीव पुरुषी आवाज म्हणाला, "मी काय कुंडी आहे? पाणी घाला, ऊन दाखवा."

भाची खो खो हसली. ताईही हसली. तिने गावभर चौकशी केली होती. एकालाच विचारायचं राहिलं होतं.

मग तिने त्यालाच विचारलं. पुढचे कित्येक महिने ती विचारत राहिली आणि तो भुवईने सांगत राहिला. त्याला सगळ्यात आधी हवं होतं ते एक बटण, "थांबा, मी बोलतोय." कारण तो शब्द जुळवेपर्यंत घरातली माणसं दुसऱ्याच विषयावर गेलेली असायची. मग लेकीसाठी एक, "अभ्यास!" मग एक शिवी, घरात चालेल अशी. क, ख, ग, घ हा शाळेतला क्रम त्याला पाठ होता, पण ताईने मोजून बघितलं की न, त, र, क, ल, म ही अक्षरं सारखी लागतात, म्हणून ती पुढे आणली. त्यावर त्याने सूचना केली, "ङ आणि ञ ला रजेवर पाठव. आयुष्यात एकदाही दुकानात आले नाहीत."

आणि त्याला हवी होती मूठ. विनोद वेळेवर पडला तर विनोद, नाहीतर माती. वाक्य आधी जुळवून ठेवायचं, कुणाला दिसू द्यायचं नाही आणि नेमक्या क्षणी एका भुवईसरशी सोडायचं, अशी सोय त्याने मागितली. ताईने ती केली. दुकानाचा जोडीदार दिवसाआड दाढी करायला यायचा. एकदा त्याने गालावर वस्तरा ठेवला आणि पडदा बोलला, "हात हलका ठेव. कुणी शिकवलं तुला?"

"तूच की रे!" जोडीदार म्हणाला.

लगेच दुसरं वाक्य आलं, तेही आधीच मुठीत ठेवलेलं. "म्हणून तर म्हणतोय."

जोडीदाराला वस्तरा बाजूला ठेवावा लागला, इतका तो हसला. मग तो तोंड धुवायच्या निमित्ताने आत गेला आणि जरा वेळ आलाच नाही.

वहिनीला मात्र तो पडदा कधीच आपला वाटला नाही. "वन्संनी घरात परपुरुष आणून बसवलाय," ती म्हणायची. चेष्टा होती, पण नुसती चेष्टा नव्हती. पडदा बोलायला लागला की सगळे पडद्याकडे बघायचे आणि ती नवऱ्याच्या डोळ्यांकडे. "मला त्यांचे डोळे कळतात," म्हणायची. अन् कळायचेही. उशी सरकवायची, पाय दुमडायचा, माशी बसलीय, हे तिला कुणी सांगावं लागायचं नाही.

ताईच्या साहेबांच्या कानावर हे गेलं. ते घरी येऊन बघून गेले. माणूस चांगला होता. रेडिओने त्यांच्या केसांना कुणी कात्री लावली याची चौकशी केली तेव्हा ते मनापासून हसले, आणि निघताना जिन्यात थांबून डोळे पुसले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताईला चार माणसं जोडून दिली. हे सगळ्यांसाठी करायचं, म्हणाले. अर्धांगवायू झालेल्यांसाठी, अपघातात वाचा गेलेल्यांसाठी. "फक्त एक करा मॅडम, वेग वाढवा. माणूस एका वाक्याला एवढा दमतो, बघवत नाही."

बघवत तर ताईलाही नव्हतं. भुवई आता पूर्वीसारखी उडी मारत नव्हती. म्हणून तिने अंदाजाची सोय केली. पहिलं अक्षर टाकलं की पुढचा शब्द पडद्याने स्वतःच सुचवायचा, आणि शब्द निवडला की त्याच्यापुढचा. अंदाज हवेतले नव्हते. रेडिओ आजवर पडद्यावरून जे जे बोलला होता ते सगळं तिने पडद्याला शिकवलं. आणि पडदा खरंच त्याच्यासारखं बोलू लागला, त्याचीच शिवी, त्याचेच टोमणे. जिथे बारा वेळा भुवई उचलावी लागायची तिथे दोनदा उचलून काम भागायला लागलं. "गाढवाचं घोडं केलंस," रेडिओ म्हणाला. ताईला त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

येणारा-जाणारा त्याला विचारायचाच, "काय, कसं वाटतंय?" प्रश्न पुरा व्हायच्या आत पडद्यावर पहिल्या जागी शब्द हजर असायचे, "बरं आहे." एक भुवई, आणि उत्तर झालं. पाहुण्याला बरं वाटायचं. वहिनी सकाळी विचारायची, "झोप लागली?" बरं आहे. भाची शाळेतून येऊन विचारायची. बरं आहे. ताई रविवारी विचारायची. बरं आहे. आणि जितक्या वेळा तो ते म्हणायचा तितका पडदा ते जास्त खात्रीने पुढे करायचा.

एका सकाळी त्याचे ओठ निळे दिसले. वहिनीने हाक मारली तर डोळे उघडले, पण त्यात ओळख नव्हती. धावपळ करून दवाखान्यात नेलं. छातीच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी नाकातोंडावर हवेचा मुखवटा चढवला, आणि थोड्या वेळाने त्याचा रंग परत आला. मग त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "श्वासाचे स्नायू थकलेत. हे एका दिवसात होत नाही. आडवं झालं की यांचा दम कोंडत असणार, कित्येक आठवडे. तुम्हाला काही बोलले नाहीत?"

वहिनी म्हणाली, "रोज विचारायचे मी. रोज. ते म्हणायचे, बरं आहे."

ताईने पडदा घरून आणून पलंगाला लावला आणि ती भावासमोर बसली. "दम कोंडत होता तर बोलला का नाहीस?"

उजेड फिरत राहिला. रेडिओने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि भुवई उचलत उचलत दोन शब्द जुळवले. पडद्याने ते बोलून दाखवले. "सोपं होतं."

म्हणजे "बरं आहे" म्हणणं सोपं होतं. आडवा झालो की जीव गुदमरतो, हे सांगायचं तर अख्ख्या सकाळची ताकद लागली असती. सोपं तर तिनेच करून ठेवलं होतं. वेग वाढवायचा म्हणून जो शब्द सारखा लागतो तो पहिला आणला होता, आणि सारखा लागायचा तो लोकांचं समाधान करायचा शब्द.

मुखवट्यावर काही दिवस निघाले. मग डॉक्टरबाईंनी वहिनीला आणि ताईला पलंगापाशी बोलावलं आणि रेडिओला ऐकू जाईल असंच बोलल्या. मुखवटा आता पुरणार नाही. गळ्याला छेद देऊन नळी घालता येईल आणि श्वासाचं यंत्र कायमचं लावता येईल. माणूस त्यावर जगतो, कधी कधी काही वर्षं. नाहीतर नळी घालायची नाही, आणि गुदमरल्यासारखं वाटू नये म्हणून औषधं द्यायची, शेवटपर्यंत. "हे तुमचं तुम्ही ठरवायचं," त्या रेडिओला म्हणाल्या.

रेडिओने न या अक्षरावर भुवई उचलली. पडद्याने लगेच पहिला शब्द पुढे केला. भुवई परत उचलली गेली. परका आवाज म्हणाला, "नको."

"नाही!" वहिनी ओरडलीच. "हे ते नाही म्हणाले. त्या मशीनने लिहिलं. बरं आहे, बरं आहे पण तेच लिहीत होतं ना? त्यावर तुम्ही यांचा जीव ठरवणार?"

डॉक्टरबाईंनी ताईकडे पाहिलं. "हे तुम्ही बनवलंय ना? खरं सांगा. हा शब्द यांचा की मशीनचा? मला पक्कं कळल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

वहिनीने ताईला हाताला धरून बाहेर नेलं. औषधाचा वास भरलेला तो बोळ, भिंतीला टेकून ठेवलेली चाकाची खुर्ची, आणि ताईच्या मनगटावर वहिनीची बोटं रुतलेली. "वन्सं, सांगा त्यांना, मशीनचा म्हणून. खोटं पण होणार नाही तुमच्या हातून. तुम्हाला तरी माहितेय का कुणाचा ते?"

ताईला माहीत नव्हतं, हीच पंचाईत होती. जेवण भरवताना घास नको, पंखा नको, पाहुणे नकोत, असं रेडिओ दिवसातून दहादा म्हणायचा, म्हणून न म्हटलं की पडद्याला नको सुचायचंच. मान हलवून "मशीनचा" म्हटलं असतं तर कुणी तिला खोटं ठरवलं नसतं. नळी गेली असती. भाऊ राहिला असता. रविवारी ती गेली असती तर तो तिथे असता, उघडे डोळे घेऊन. तिला तो हवा होता, वहिनीइतकाच. काचेच्या दारातून तिने आत पाहिलं. मुखवट्याखाली चेहरा अर्धा झाकलेला, आणि वर ती भुवई. तो दाराकडेच बघत होता. बाहेर आपल्याबद्दल काय चाललंय हे त्याला पुरतं कळत होतं.

ताई आत गेली आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "कुणाचा ते मला सांगता येणार नाही. पण त्यालाच विचारता येईल. मी अंदाज बंद करते. पडदा काही सुचवणार नाही, बोलणारही नाही. नुसती अक्षरं. वेळ लागेल. थांबाल?"

"थांबते," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखर खुर्ची ओढून घेतली.

वहिनी भिंतीशी उभी राहिली, तोंडावर पदर धरून. ताईने सोय बंद केली. पडद्यावर उरली ती फक्त अक्षरं आणि त्यांच्यावरून सरकणारा पिवळा उजेड. डॉक्टरबाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं आणि विचारलं, "नळी घालू?"

उजेड न वर आला. भुवई हलली, पण उशिरा, आणि उजेड पुढे सरकून त वर गेला होता. ताईच्या बोटांना सवय होती, तिने ते सुधारायला हात पुढे केला आणि झटक्यासरशी मागे घेतला. त्याने स्वतःच त पुसला. पुन्हा फेरी. न. मग क साठी एक फेरी वाया गेली. कपाळावर घाम आला, तो वहिनीने येऊन टिपला आणि परत भिंतीशी गेली. क. मग काना-मात्रांची रांग, ती सगळ्यात शेवटी होती, तिथवर उजेड सावकाश चालत गेला. ो. पडद्यावर अक्षरं उभी राहिली. नको.

"हे तुम्हीच म्हणताय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

त्यावर भुवई एकदा उचलून "हो" म्हणता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. तो पुन्हा अक्षरांकडे गेला. म. ी. च.

मीच.

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. वहिनी पलंगापाशी आली, खाली वाकली, आणि त्याच्या कानाशी नाही तर डोळ्यांसमोर तोंड नेऊन म्हणाली, "आणि मी? पोर? आमचं काय?" आवाज रागाचा होता. तिला रडू येत होतं, पण ती रागानेच बोलत होती.

रेडिओ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने नजर पडद्याकडे नेली. र वर उजेड आला तेव्हा भुवई उचलली गेली. मग लांबची ती रांग. ा. आणि तिथे भुवई थांबली. उजेड फिरून आला, पुन्हा फिरून आला. कपाळाला आठी पडायची आणि विरून जायची. खोलीत मुखवट्याच्या हवेचा तेवढा आवाज. पडद्यावर दोन खुणा, र आणि त्याचा काना, आणि पुढे रिकामं.

"दमलेत," डॉक्टरबाई अखेर म्हणाल्या. "झोपू दे. उद्या पुरं करतील."

दुसऱ्या दिवशी भुवई उचलली गेली नाही. पापण्या मिटायच्या, उघडायच्या, पण त्याही बोलण्यासाठी नाही. औषधं सुरू झाली होती. गुदमरला नाही, हे खरं. त्या आठवड्यातच तो गेला, दुपारी, वहिनी त्याची उशी सरळ करत असताना. भाचीला शाळेतून आणायला गेलेली ताई परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

जोडीदार वस्तरा घेऊन आला. त्याने एकट्याने दाढी केली, सावकाश, कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. मग बाहेर येऊन म्हणाला, "आज काही बोलला नाही."

घरी जमलेली माणसं पांगल्यावर वहिनीने ताईला समोर बसवलं. राग वगैरे काही दिसत नव्हता. शांतपणे विचारलं, "ते पुढे काय म्हणणार होते?"

"मला नाही माहीत, वहिनी."

"रागावू नकोस म्हणायचं असेल. नाहीतर राहू दे. राहू दे म्हणजे मला राहू दे, का असू दे, जाऊ दे, तेही कळायचं नाही." तिने खूप विचार केला होता, दिसतच होतं. "तुमचा अंदाज चालू असता तर शब्द पुरा झाला असता. दोन भुवयांचं काम होतं."

ताई उठायला लागली, तशी वहिनीने तिला पुन्हा खाली बसवलं.

"मशीन आहे ना अजून? रा टाकून बघा. काय येतंय बघू."

"जे येईल ते त्याचं नसेल."

"मग कुणाचं असेल?" वहिनी म्हणाली. "त्यांच्याच बोलण्यावर शिकलंय ना ते? तुम्हीच सांगत होता, अगदी त्यांच्यासारखं बोलतं म्हणून. मरायचं का विचारलं तेव्हा तुम्हाला खरं अक्षर अन् अक्षर पाहिजे होतं. मला एक शब्द पाहिजे तर तोही नाही."

"वहिनी, मी चालू केलं आणि राहू दे आलं, तर तुम्ही ते जन्मभर धरून बसाल. आणि ते त्याने म्हटलेलंच नसेल."

"बसेन. माझा जन्म आहे."

ताईने ते चालू केलं नाही, एवढंच. वहिनी उठून आत गेली. तिथून पुढे तिने ताईला वन्सं म्हणून हाक मारली नाही, आणि दुसरी कुठली हाकही मारली नाही.

ऑफिसात ताई पुन्हा कामावर गेली. तिने साहेबांपुढे मांडलं, की अंदाजाचा शब्द वेगळ्या रंगात दिसला पाहिजे, म्हणजे समोरच्याला कळेल की हा माणसाने जुळवलाय का नुसता पत्करलाय. आणि तब्येतीबद्दल विचारलं तर पडद्याने काहीच सुचवता कामा नये. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना रेडिओची आठवण होती. पण म्हणाले, "मॅडम, वापरणाऱ्यांच्या घरून एकच मागणी येते, अजून लवकर. आपण हळू केलं तर ते दुसऱ्याचं घेतील, आणि त्या दुसऱ्याला हा विचारसुद्धा सुचलेला नसेल." ते काही चूक बोलत नव्हते. शेवटी रंगाचं बारगळलं. अंदाज बंद करायची कळ तेवढी ठेवली, पण सेटिंगच्या आतल्या पानावर, जिथे कुणी शोधल्याशिवाय पोचणार नाही. ताईने नोकरी सोडली नाही. सोडून करायचं काय, आणि तिच्या जागी जो येईल त्याला तर ती कळ आहे हेही ठाऊक नसेल.

काही महिन्यांनी वहिनीने जोडीदाराच्या हाती पडदा, दांडी आणि वायरी धाडून दिल्या. वायरी नीट गुंडाळून वर दोरा बांधला होता. सोबत निरोप होता, की कुणा गरजूला द्या. गरजू होतेच. एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंना झटका येऊन वाचा गेली होती, त्यांच्या मुलाने ऑफिसात विचारणा केली होती. पण पडदा तसाच देता येणार नव्हता. त्यात रेडिओ होता. बाईंनी च वर भुवई उचलली असती तर त्यांच्या तोंडून त्याची शिवी गेली असती.

ताईने तो टेबलावर ठेवून चालू केला. शिकलेले शब्द पुसायची कळ तिनेच बसवलेली होती. त्याआधी अक्षरांचं पान एकदा समोर आलं, पिवळा उजेड त्याच्या जुन्या सावकाश चालीने सरकायला लागला. र वर येईल, मग पुढच्या रांगेत जाईल. तिने वाट पाहिली नाही. सगळं पुसलं, बंद केला, आणि बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" ताई म्हणाली, "नाही वाटत." आणि घरी गेली.

मास्तरीण बाईंच्या घरी ती स्वतः गेली. मुलगा सज्जन होता, आईचं सगळं करायचा, आणि आईला काही विचारलं की तोच उत्तर द्यायचा. ताईने त्याला आधी आतल्या पानावरची कळ दाखवली. मग सांगितलं, की आई बोलायला लागली की तुम्ही खोलीत असा, पण मधे पडू नका, कितीही वेळ लागला तरी. तो म्हणाला, "हो, हो." बाईंनी ताईकडे पाहिलं. त्या दिवशी मुलाने त्यांचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

भाची कधीतरी फोन करते. ती आता आईबरोबर मामाच्या गावी असते. शाळा, मैत्रिणी, नवं घर, सगळं भडाभडा सांगते, बापासारखंच. फोनमागे वहिनीचा वावर ऐकू येतो, भांडी, नळ, दार. ताई विचारते, "आई कशी आहे?"

भाची म्हणते, "बोलावू?"

"बघ, येते का," ताई म्हणते, आणि कानाला फोन लावून थांबते. नळ बंद होतो. पावलं दारापर्यंत येतात, तिथे थांबतात, आणि मग परत फिरतात.